‘ब्रेटन’ म्हणजे नक्की कोण?

‘ब्रेटन’ हा शब्द मराठी वाचकाला अधूनमधून भेटतो, पण दर वेळी वेगळ्या ओळखीनं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘ब्रेटन वूड्स परिषद’ असते. कपड्यांच्या दुकानात निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या टी-शर्टला ‘ब्रेटन टॉप’ म्हणतात. कॅनडात शिकायला गेलेला ओळखीतला कुणी केप ब्रेटनमधून फोटो पाठवतो. चित्रकलेचा इतिहास वाचताना अतिवास्तववादी चळवळीचा लेखक आंद्रे ब्रेतों याचं नाव येतं. आणि एखाद्या घाईत भाषांतरित केलेल्या मजकुरात ‘ब्रेटन भाषा’ चक्क ‘ब्रिटिश भाषा’ होऊन छापली जाते. या शेवटच्या चुकीचं मला मनापासून वाईट वाटतं. आधीच जेमतेम तग धरून असलेल्या एका भाषेचं नावसुद्धा त्यात पुसलं जातं. म्हणून हा लेख.

आधी सरळ अर्थ. फ्रान्सच्या नकाशावर पश्चिमेला अटलांटिक महासागरात घुसलेलं जे लांबट द्वीपकल्प दिसतं, त्याला इंग्रजीत ब्रिटनी आणि फ्रेंचमध्ये ब्रताञ म्हणतात. तिथला माणूस तो ब्रेटन. तिथल्या गोष्टींसाठी विशेषण म्हणून हाच शब्द येतो: ब्रेटन किनारा, ब्रेटन मच्छीमार, ब्रेटन लोणी. आणि तिथं बोलल्या जाणाऱ्या एका केल्टिक भाषेचं नावही ब्रेटन. इंग्रजी उच्चार ‘ब्रेटन’, फ्रेंच उच्चार ‘ब्रतों’, बाईसाठी फ्रेंच रूप ‘ब्रतॉन’. ब्रेटन लोक स्वतः आपल्या भूमीला ‘ब्रेइझ’ आणि भाषेला ‘ब्रेझोनेक’ म्हणतात.

म्हणजे एकाच शब्दात तीन गोष्टी आहेत: प्रदेशाचं विशेषण, माणूस आणि भाषा. गोंधळ होतो तो या तिन्हींच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. त्याआधी ‘ब्रिटन’ आणि ‘ब्रेटन’ इतके सारखे का, हे पाहू, कारण हे साम्य योगायोगानं आलेलं नाही.

रोमन लोक ज्या बेटाला ब्रिटानिया म्हणत, तिथं इंग्रज यायच्या आधी केल्टिक भाषा बोलणारे लोक राहत. लॅटिनमध्ये त्यांना ‘ब्रित्तोनेस’ म्हणत. रोमन सत्ता बेटावरून गेली आणि पूर्वेकडून अँग्लो-सॅक्सन टोळ्या येऊन स्थिरावू लागल्या. साधारण पाचव्या-सहाव्या शतकात नैर्ऋत्य ब्रिटनमधून आणि वेल्समधून बरेच लोक इंग्लिश खाडी ओलांडून समोरच्या द्वीपकल्पावर आले. त्या द्वीपकल्पाचं तेव्हाचं नाव होतं आर्मोरिका, म्हणजे समुद्राकाठचा मुलूख. आलेल्या लोकांनी आपलं नावही बरोबर आणलं. लॅटिनमध्ये मोठं बेट ‘ब्रिटानिया’च राहिलं आणि नव्या वस्तीचा मुलूखही ‘ब्रिटानिया’ झाला. मग वेगळेपणा दाखवायला बेटाला ‘मोठी’ आणि द्वीपकल्पाला ‘धाकटी’ अशी विशेषणं लागली. ‘ग्रेट ब्रिटन’मधलं ‘ग्रेट’ मूळचं असं आहे. साम्राज्याच्या थोरवीचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. फ्रेंचमध्ये आजही बेटाला ‘मोठी ब्रताञ’ आणि फ्रान्सच्या प्रांताला नुसतं ‘ब्रताञ’ म्हणतात.

या स्थलांतराच्या खुणा नकाशावर अजून दिसतात. ब्रिटनीच्या नैर्ऋत्य भागाचं नाव कोर्नुआय, आणि हेच नाव खाडीपलीकडच्या कॉर्नवॉलचं. ब्रेटन भाषेत दोन्ही ‘केर्नेव’. उत्तर किनाऱ्यावर दोमनोने नावाचं राज्य होतं. इंग्लंडमधल्या डेव्हनचं जुनं नावही तेच. बरोबर आलेल्या ख्रिस्ती साधूंच्या नावानं गावं वसली. सॅं-मालो, सॅं-ब्रियो ही त्यांचीच नावं. गावांच्या नावात सुरुवातीला ‘प्लू’ आलं की समजावं, ते एका धर्मगुरूभोवती वसलेलं जुनं गाव. ‘केर’ म्हणजे वाडी-वस्ती, ‘लान’ म्हणजे पवित्र आवार.

शब्दाचा दुहेरी अर्थ फ्रेंचमध्ये अजून जिवंत आहे, आणि भाषांतर करणारा तिथंच हमखास अडकतो. लहानपणी अ‍ॅस्टेरिक्सची चित्रकथा वाचलेल्यांना उदाहरण लगेच पटेल. १९६६ साली पुस्तकरूपानं आलेल्या त्याच्या एका भागाचं फ्रेंच नाव शब्दशः ‘अ‍ॅस्टेरिक्स ब्रेटनांच्या देशात’ असं आहे. गोष्ट मात्र घडते टेम्स नदीकाठी. इंग्रजीत त्याचं नाव ‘ब्रिटनमध्ये’ असंच झालं. तिथले ‘ब्रेटन’ म्हणजे बेटावरचे प्राचीन ब्रिटन लोक. यातली खरी गंमत अशी की अ‍ॅस्टेरिक्सचं स्वतःचं गाव आर्मोरिकात, म्हणजे आजच्या ब्रिटनीत आहे. राजा आर्थरच्या मध्ययुगीन कथांनाही फ्रेंचमध्ये ‘ब्रताञचं कथासाहित्य’ म्हणतात. त्यात बेट आणि द्वीपकल्प दोन्ही येतात. तेव्हा जुन्या फ्रेंच मजकुरात ‘ब्रतों’ दिसलं, की काळ बघायचा आणि खाडीच्या कुठल्या बाजूची गोष्ट चालू आहे ते बघायचं.

आता भाषेकडे येतो. माझ्या लेखी या शब्दाचा सगळ्यात मोलाचा अर्थ हाच.

ब्रेटन भाषा फ्रान्समध्ये बोलली जाते, पण ती फ्रेंचची बोली नाही. फ्रेंच लॅटिनपासून आली, ब्रेटन केल्टिक कुळातली. फ्रान्समध्ये रोमनांच्या आधी गॉलिश नावाची केल्टिक भाषा होती, म्हणून पुष्कळांना वाटतं की ब्रेटन तिचीच वंशज असणार. तसं नाही. गॉलिश लयाला गेली. ब्रेटन आली ती बेटावरून, होडीतून. तिची सगळ्यात जवळची बहीण म्हणजे कॉर्नवॉलची कॉर्निश, त्यानंतर वेल्सची वेल्श. भाकरी-पावाला ब्रेटन आणि वेल्श दोन्हीत ‘बारा’ म्हणतात, समुद्राला दोन्हीत ‘मोर’, घराला दोन्हीत ‘ती’. नदीला ब्रेटनमध्ये ‘आव्हेन’, वेल्शमध्ये ‘अव्हॉन’. ज्या पों-आव्हेन गावात गोगँनं चित्रं काढली, त्या नावातलं आव्हेन आणि इंग्लंडमधल्या एव्हन नद्यांचं नाव एकाच मुळातून आलेलं आहे. आज युरोपच्या मुख्य भूमीवर जिवंत असलेली केल्टिक भाषा ही एकच.

या भाषेची एक खोड जवळून बघण्यासारखी आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की शब्दाचं शेपूट बदलतं. पुणे, पण पुण्याला. घोडा, पण घोड्यावर. आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. ब्रेटनमध्ये असाच बदल होतो, फक्त शब्दाच्या तोंडाशी. ब्रेस्त हे गावाचं नाव, पण ‘ब्रेस्तला’ म्हणायचं तर ‘दा व्रेस्त’. केम्पेर (फ्रेंच नकाशावरचं कँपेर) या गावाला जायचं तर ‘दा गेम्पेर’. वडिलांना ‘ताद’ म्हणतात. माझे वडील ‘मा झाद’, तुझे वडील ‘दा दाद’. आता ‘त्याचे वडील’ आणि ‘तिचे वडील’ पाहा. ‘त्याचे’ आणि ‘तिचे’ यांसाठी लिहिताना दोन वेगळे शब्द आहेत, पण बोलताना दोन्हींचा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘ए’ असाच होतो. फरक कळतो तो पुढच्या शब्दावरून: ‘ए दाद’ म्हणजे त्याचे वडील, ‘ए झाद’ म्हणजे तिचे. वडिलांच्या नामातला पहिला वर्ण बदलून मूल मुलगा की मुलगी ते सांगितलं जातं! नवशिक्याची मात्र पंचाईत होते, कारण कानावर ‘झाद’ पडतं आणि शब्दकोशात शोधावं लागतं ‘ताद’खाली.

आणखी काही गोष्टी मराठी माणसाला ओळखीच्या वाटतील. ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे इंग्रजीत ‘मी गाडी बाळगतो’ अशा धाटणीनं सांगतात. ब्रेटनमध्ये आपल्यासारखंच ‘गाडी माझ्याजवळ आहे’ असं म्हणता येतं, आणि ‘माझ्याजवळ’ हा अख्खा अर्थ ‘गानिन’ या एका शब्दात मावतो. मोजणी विसांच्या पटीत: चाळीस म्हणजे ‘दोन वीस’, साठ म्हणजे ‘तीन वीस’. आपल्याकडे जुन्या माणसांची मोजणी अशीच विसाविसानं चालायची. अठराला मात्र तिथं चक्क ‘तीन सहा’ म्हणतात. काही नामांचं मूळ रूप समूहवाचक असतं आणि एकट्या वस्तूसाठी प्रत्यय लावावा लागतो. ‘ग्वेझ’ म्हणजे झाडं, ‘ग्वेझेन’ म्हणजे एक झाड. ‘ब्लेव’ म्हणजे केस, ‘ब्लेवेन’ म्हणजे त्यातला एक केस. आणि ‘ग्लास’ हा रंग समुद्राचाही आणि गवताचाही.

काही ब्रेटन शब्द आपण नकळत वापरत असतो. ‘मेनहिर’, म्हणजे प्राचीन काळी रोवलेला उभा दगड, याचा शब्दशः अर्थ ‘दगड, लांब’. ‘डोल्मेन’, म्हणजे मेजासारखं दिसणारं प्राचीन दगडी थडगं, या शब्दात ब्रेटनमधले मेज आणि दगड आहेत. जगभरच्या पुरातत्त्वज्ञांनी हे शब्द उचलले, आणि विदर्भातल्या महापाषाणयुगीन स्थळांबद्दलच्या मराठी लेखांतही ते दिसतात. इथं एक सावधगिरी हवी. मोर्बियां जिल्ह्यातल्या कार्नाकचे ते तीन हजारांच्या आसपास उभे दगड ब्रेटन लोकांनी रोवलेले नाहीत. ते दगड उभे राहिले तेव्हा ‘ब्रेटन’ हे नाव जन्माला यायला काही हजार वर्षं बाकी होती. नाव ब्रेटन, काम त्याआधीच्या कुणा लोकांचं.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. सगळे ब्रेटन ब्रेटन बोलतात का? नाही, आणि पूर्वीही कधी सगळे बोलत नव्हते. ब्रिटनीचे दोन भाग धरतात. पश्चिमेचा तो ‘ब्रेइझ-इझेल’, खालची ब्रिटनी. परंपरेनं ब्रेटन भाषा या भागाची. पूर्वेचा तो ‘ब्रेइझ-उएल’, वरची ब्रिटनी. तिथं ‘गालो’ नावाची भाषा चालत आली आहे, जी फ्रेंचसारखीच लॅटिनपासून निघाली. या दोन्हींमधली सीमा ढोबळमानानं सॅं-ब्रियोच्या पश्चिमेकडून वान शहराच्या पूर्वेपर्यंत जाते. प्रांताची राजधानी रेन या सीमेच्या बरीच पूर्वेला आहे, म्हणजे राजधानीची परंपरागत भाषा ब्रेटन नाहीच. ब्रिटनीवर राज्य करणाऱ्या ड्यूकांच्या घराण्याचंही तेच. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा ड्यूक आलां चौथा हा ब्रेटन बोलणारा शेवटचा ड्यूक मानला जातो. पुढचे ड्यूक फ्रेंच बोलत, आणि ब्रेटन राहिली शेतकऱ्यांची, कोळ्यांची, गावच्या धर्मगुरूंची भाषा. तरीही १४६४ साली ब्रेटन-फ्रेंच-लॅटिन असा त्रैभाषिक शब्दकोश रचला गेला आणि १४९९ साली त्रेगिए गावात छापला गेला. ब्रेटनचा तो पहिला शब्दकोश, आणि फ्रेंचचाही पहिलाच मानतात.

ही दुहेरी ओळख त्यांच्या झेंड्यावरही आहे. ‘ग्वेन-आ-दू’, म्हणजे ‘पांढरा नि काळा’, हे झेंड्याचं नाव. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोर्वान मार्शाल या वास्तुविशारदानं तो तयार केला. त्यावर नऊ पट्टे आहेत: पाच काळे आणि चार पांढरे. काळे पट्टे फ्रेंच-गालो बोलणाऱ्या पूर्वेकडच्या जुन्या धर्मप्रांतांचे, पांढरे ब्रेटन बोलणाऱ्या पश्चिमेकडच्यांचे. हा झेंडा फडकवणाऱ्या गालोभाषक माणसाला ‘तू ब्रेटन नाहीस’ असं तिथं कुणी म्हणत नाही.

मग नांतचा माणूस ब्रेटन की नाही? या प्रश्नावर तिथं आजही तावातावानं बोललं जातं. नांत हे ड्यूकांचं शहर. त्यांचा किल्ला शहराच्या मध्यावर उभा आहे. १५३२ साली ब्रिटनी फ्रान्सला जोडली गेली तेव्हा नांत तिचाच भाग होतं. पण १९४१ साली, जर्मन ताब्याच्या काळात, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारनं नांतचा जिल्हा ब्रिटनीपासून वेगळा धरला, आणि युद्धानंतर प्रांत आखतानाही तो बाहेरच राहिला. आज सरकारी ब्रिटनीत चार जिल्हे आहेत: फिनिस्तेर, कोत-दार्मोर, ईल-ए-विलेन आणि मोर्बियां. ऐतिहासिक ब्रिटनीत पाचवा, नांतचा, धरतात. भाषावार प्रांतरचनेचा लढा घराघरातून ऐकलेल्या आपल्या माणसांना या वादाची धग समजायला वेळ लागू नये. माझ्यापुरतं मी नांतकराला ब्रेटन म्हणेन, कारण तो स्वतःला तसं म्हणवत असेल तर कार्यालयातल्या नकाशानं त्याचं उत्तर बदलू नये.

‘ब्रेटन’ या शब्दानं एक काळ असाही पाहिला की तो हिणवायला वापरला जाई. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि ब्रिटनीतले गरीब लोक पोटासाठी पॅरिसला गेले. बाया घरकामाला, पुरुष खोदकामाला. त्यांच्या गाड्या मोंपार्नास स्टेशनावर थांबत, म्हणून त्या भागात आजही क्रेपची, म्हणजे ब्रेटन धिरड्यांची दुकानं रांगेनं आहेत. पॅरिसकरांच्या तोंडी ‘ब्रतॉन’ म्हणजे भोळसट, अडाणी मोलकरीण असा अर्थ रुळला. आणि त्याच पॅरिसची मेट्रो ज्याच्या आराखड्यातून उभी राहिली, तो इंजिनिअर फुल्जाँस ब्यँव्हन्यू ब्रिटनीतल्या उझेल गावचा. मेट्रोचं ‘मोंपार्नास-ब्यँव्हन्यू’ स्थानक त्याच्या नावाचं आहे. फ्रेंचमधल्या ‘बारागुएँ’, म्हणजे न कळणारी बडबड, या शब्दाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की खानावळीत ब्रेटन लोक ‘बारा’ आणि ‘ग्विन’, म्हणजे पाव आणि वाइन, मागत आणि ते कुणाला कळत नसे. अभ्यासकांचं तिच्यावर एकमत नाही, पण लोकांना ती पटत आली, यातच बरंच काही आलं.

भाषेवरचा खरा घाव सरकारी धोरणाचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, बेर्त्राँ बारेर या नेत्यानं क्रांतिकारी संसदेत जाहीरपणे सांगितलं की फुटीरपणा आणि अंधश्रद्धा ब्रेटन बोलतात. प्रजासत्ताकाची भाषा एकच हवी, हा विचार तिथून रुजला. सक्तीचं शिक्षण आल्यावर तो वर्गात पोचला. मुलगा ब्रेटन बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात लाकडी बूट किंवा लाकडाचा तुकडा अडकवत. या वस्तूला काही ठिकाणी ‘गाय’ म्हणत. ती उतरवायचा मार्ग एकच: दुसऱ्या कुणाला ब्रेटन बोलताना पकडून द्यायचं. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला शिक्षा. घरात आई जी भाषा बोलते, ती शाळेच्या अंगणात तोंडातून निसटली म्हणून मित्रानं मित्राची चुगली करायची, असा हा प्रकार. मला ही निव्वळ क्रूर गोष्ट वाटते, आणि राष्ट्रबांधणीच्या नावाखाली तिची सफाई देणं मला पटत नाही.

या शाळेतून शिकलेल्या पिढीनं आपल्या मुलांना त्या यातनेतून वाचवायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत आई-वडील आपसात ब्रेटन आणि मुलांशी फ्रेंच बोलू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांहून अधिक लोक बोलत ती भाषा दोन पिढ्यांत ओसरली. २०१८च्या पाहणीत बोलणारे सुमारे दोन लाख निघाले होते. २०२४च्या पाहणीत तो आकडा १ लाख ७ हजारांच्या आसपास आला. आकडा असा निम्म्यावर येण्याचं मुख्य कारण म्हणजे जुनी, घरातच भाषा शिकलेली पिढी जग सोडून चालली आहे. युनेस्कोच्या नोंदीत ब्रेटन ‘गंभीर धोक्यातली’ भाषा आहे.

याच्या उलट दिशेनं झालेलं काम मात्र विलक्षण जिद्दीचं आहे. १९५१ च्या कायद्यानं ब्रेटनला शाळेत ऐच्छिक विषय म्हणून जेमतेम दार उघडून दिलं. १९७७ साली फिनिस्तेरमधल्या लांपोल-प्लुदालमेझो या छोट्या गावात काही पालकांनी मिळून एक बालवाडी काढली. तिथं सगळं बोलणं, खेळणं, शिकणं ब्रेटनमधून. नाव ठेवलं ‘दिवान’, म्हणजे अंकुरणं. आज दिवानच्या पन्नासच्या आसपास शाळा आहेत आणि चार हजारांच्या घरात मुलं त्यांत शिकतात. याशिवाय सरकारी आणि कॅथलिक शाळांत फ्रेंच-ब्रेटन द्विभाषिक वर्ग आहेत. त्यामुळे ‘ब्रेटन बोलणारा’ या शब्दांमागे आता दोन वेगळी माणसं उभी आहेत. एक सत्तरी-ऐंशीतली आजी, जिला भाषा येते पण तिनं ती कधी लिहिली नाही. दुसरा शाळेत शिकलेला तरुण, जो ती लिहितो, पण ज्याच्या उच्चारात फ्रेंच डोकावतं. आजीला नातवाची ब्रेटन पुस्तकी वाटते, अशी तक्रार तिथं सर्रास ऐकू येते.

लिहिण्याचाही एक इतिहास आहे. भाषेच्या चार मुख्य बोली धरतात: लेओन, त्रेगेर, केर्ने आणि ग्वेनेद. पहिल्या तिन्हींत जिथं ‘झ’ येतो, तिथं ग्वेनेदच्या बोलीत ‘ह’ येतो. एकीत ‘ब्रेइझ’, दुसरीत ‘ब्रेइह’. १९४१ साली सर्वांसाठी एक लेखनपद्धती ठरवताना रोमन लिपीतले झेड आणि एच शेजारी बसवले, म्हणजे ज्यानं-त्यानं आपल्या बोलीप्रमाणे वाचावं. हे सगळं जर्मन ताब्याच्या काळात घडलं, म्हणून युद्धानंतर काही जणांनी ही पद्धत नाकारून वेगळी चालवली. तरी आज हीच सर्वात प्रचलित आहे. ब्रिटनीतल्या गाड्यांवर ‘बीझेडएच’ या तीन रोमन अक्षरांचा स्टिकर दिसतो तो ‘ब्रेइझ’चा. २०१४ पासून इंटरनेट पत्त्यांच्या शेवटीही ही तीन अक्षरं लावता येतात.

एका अक्षरावरून कोर्टाची पायरी कशी चढावी लागते तेही पाहण्यासारखं आहे. २०१७ साली कँपेरमध्ये एका जोडप्यानं मुलाचं नाव ‘फाँश’ ठेवलं. फ्रॉन्स्वाचं हे जुनं ब्रेटन रूप. ते लिहिताना रोमन ‘एन’च्या डोक्यावर नागमोडी रेघ येते, आणि ती रेघ फ्रेंच वर्णमालेत बसत नाही म्हणून न्यायालयानं नाव नाकारलं. २०१८ साली रेनच्या वरिष्ठ न्यायालयानं ती रेघ मान्य केली आणि २०१९ साली सरकारी पक्षाचं अपील फेटाळलं गेलं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ब्रेटन खासदार पोल मोलाक यांचा प्रादेशिक भाषांचा कायदा संसदेनं मंजूर केला. त्यात अशा चिन्हांना आणि पूर्णपणे प्रादेशिक भाषेतून चालणाऱ्या शाळांना मान्यता होती. मे महिन्यात घटना परिषदेनं नेमकी हीच दोन कलमं रद्द केली. आधार होता ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे १९९२ साली घटनेत घातलेलं वाक्य. प्रादेशिक भाषा फ्रान्सचा वारसा आहेत, असं वाक्य त्याच घटनेत २००८ पासून आहे, पण वारसा म्हणून गौरव करणं वेगळं आणि त्या भाषेत मुलांना शिकू देणं वेगळं. दिवानच्या शाळा तरीही चालू आहेत. त्याच वर्षाच्या शेवटी शिक्षण खात्याच्या परिपत्रकानं त्यांना पुन्हा थोडी जागा करून दिली.

आता सुरुवातीच्या ‘ब्रेटन’ नावांचा हिशेब. ब्रेटन वूड्सचा ब्रिटनीशी संबंध नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधली ती जागा इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या ब्रेटन हॉल या वाड्यावरून ओळखली जाते, आणि रोमन लिपीत तिच्या नावात टी दोनदा येतो. जुलै १९४४ च्या तिथल्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, म्हणून हा शब्द मराठी कानाला परिचयाचा आहे. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटनला मात्र ब्रिटनीच्या मच्छीमारांवरूनच नाव पडलं असं मानतात, पण तिथं पुढे स्थायिक झाले स्कॉटलंडचे लोक. त्यामुळे केप ब्रेटनची केल्टिक भाषा म्हणजे स्कॉटिश गेलिक. आंद्रे ब्रेतों जन्मला शेजारच्या नॉर्मंडीत. ब्रेतों आडनावाचं कोडं आपल्याला सोडवता यावं. महाराष्ट्रात गुजराथी आडनावाची मराठी कुटुंबं आहेत. असं आडनाव आपल्या मुलखाबाहेर गेल्यावरच पडतं. पट्ट्यांचा टी-शर्ट हा मुळात फ्रेंच नौदलाचा गणवेश, १८५८ च्या हुकमानं ठरवलेला. ब्रिटनीच्या खलाशांमुळे त्याला ते नाव चिकटलं.

भारताशी या भूमीचा धागा मात्र अस्सल आहे, आणि तो समुद्रातून जातो. ब्रिटनीतलं लोरियाँ हे बंदर फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी १६६६ मध्ये वसलं. नावाचा अर्थच ‘पूर्व दिशा’. पुद्दुचेरीकडे येणारी जहाजं तिथून सुटत. १७४६ साली मद्रास घेणारा ला बूर्दोने सॅं-मालोचा. १८०० साली बंगालच्या उपसागरात इंग्रजांचं ‘केंट’ जहाज पकडणारा सुरकूफही सॅं-मालोचाच. उत्तर हिंदुस्थानात मुघल दरबाराकडून नबाबाचा किताब मिळवणारा रने मादेक कँपेरचा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे सगळे नुसते ‘फ्रेंच’ म्हणून येतात.

राहता राहिला लिहिण्याचा प्रश्न. मी मराठीत माणसासाठी आणि भाषेसाठी ‘ब्रेटन’, भूमीसाठी ‘ब्रिटनी’ लिहितो. ‘ब्रतों’, ‘ब्रताञ’ हे उच्चार मुळाला अधिक जवळचे आहेत, पण वाचणाऱ्याला लगेच ओळखू येत नाहीत. ‘ब्रेटन’ आणि ‘ब्रिटन’मध्ये फरक एका मात्रेचा आहे, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला’ असं जोडून द्यावं. भाषेबद्दल लिहिताना नुसतं ‘ब्रेटन’ न लिहिता ‘ब्रेटन भाषा’ म्हणावं, नाहीतर गालो बोलणारा ब्रेटन वाक्यात कुठे ठेवायचा ते कळत नाही. प्राचीन बेटावरच्या लोकांसाठी ‘ब्रिटन लोक’ किंवा ‘प्राचीन ब्रिटन’ असं लिहावं. आणि ‘ब्रिटिश’ हा शब्द या सगळ्यात कुठेही लागत नाही.